परी, बरणी आणि लोणच्याचा वास

मराठी घरात रिकामी बरणी नावाची वस्तू नसते. जी रिकामी दिसते ती दोन नेमणुकांच्या मधल्या रजेवर असते. कॉफी संपली की बाटली विसळून ओट्यावर पालथी पडते आणि तिच्या अंगावरचं पाणी सुकायच्या आत बदलीचा हुकूम निघतो. जॅमची बाटली जिऱ्याकडे, मधाची वेलदोड्यांकडे, च्यवनप्राशचा डबा दाण्याच्या कुटाकडे. अगदीच जिचं नशीब फुटकं तिच्यात सुट्टी नाणी, सेफ्टी पिना आणि कुठल्या कुलपाची ते कोणालाच माहीत नसलेली एक किल्ली. हे बदल्यांचं रजिस्टर कुठे लिहिलेलं नाही. ते आमच्या सासूबाईंच्या डोक्यात आहे आणि तिथे खाडाखोड चालत नाही.

चौथीतली आमची कन्या एके दिवशी म्हणाली, "आई, मला फेअरी जार करायचाय. एक रिकामी बरणी दे." आपण काय मागतोय याची तिला कल्पना नव्हती.

ज्यांच्या घरी ही साथ अजून पोचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. काचेची एक बरणी घ्यायची. तळाशी शेवाळ, दोन-चार काटक्या, एखादा खडा. काचेला आतून धुकट कागद. त्या कागदाला चिकटवलेली काळ्या कागदाची परी, आत बारीक दिव्यांची माळ, सगळीकडे चमकी आणि बरणीच्या गळ्यात सुतळीचा फास. दिवा लावला की कोणीतरी रानातून परी धरून आणून कोंडून ठेवली आहे असं वाटलं पाहिजे. मोबाइलवरच्या व्हिडिओत हे सगळं दीड मिनिटात होतं. त्यात फक्त दोन हात दिसतात. नखं रंगवलेली, टेबल पांढरंशुभ्र, मागे पियानो. त्या हातांना मधेच कुकर बंद करायला उठावं लागत नाही, आणि त्या टेबलावर कोणी वाटाणे सोलायला बसलेलं नसतं.

व्हिडिओतली बाई ज्या बरणीला 'मेसन जार' म्हणते तिचं पेटंट १८५८ साली जॉन लँडिस मेसन नावाच्या अमेरिकन पत्रेकाम करणाऱ्याने घेतलं. काचेच्या गळ्यालाच आटे पाडायचे आणि त्यावर जस्ताचं झाकण फिरवून बसवायचं, ही त्याची युक्ती. हेतू एकच, उन्हाळ्यातली फळं-भाज्या हिवाळ्यापर्यंत टिकवणं. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने जेवताना सांगितली आणि सासूबाईंनी ती तिथल्या तिथे वापरली. "म्हणजे ती मुळात लोणच्याचीच," त्या म्हणाल्या. इतिहास त्यांच्या बाजूने होता. (बिचारा मेसन मात्र पेटंटची मुदत संपल्यावर सगळ्यांनी बरण्या काढल्या म्हणून हात चोळत बसला आणि १९०२ साली गरिबीतच गेला.)

बऱ्याच वाटाघाटींनंतर गेल्या वर्षीच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी मिळाली. मुदतीवर. नवीन कैऱ्या बाजारात आल्या की परत, ही अट.

आता लेबल. खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्या आतला माल किती महिने टिकेल ते बाहेर छापतात. लेबलामागच्या डिंकाची मुदत छापत नाहीत, कारण ती छापायला आकडा नसावा. गरम पाण्यात बुडवल्यावर कागद निघतो आणि चिकटा राहतो. तो नखांनी जात नाही, घासणीने जात नाही, रागाने तर मुळीच जात नाही. खोबरेल आणि खायचा सोडा सारखा घेऊन कालवायचा, लेप द्यायचा आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. हा डिंक पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र सैल पडतो. काच लखलखीत झाली. वास मात्र तसाच! वास काचेत राहतच नाही, तो झाकणाच्या आतल्या मऊ चकतीत मुरतो. झाकण चार दिवस उन्हात टाकलं तरी नाक जवळ नेलं की लिंबू, मोहरी आणि हिंग. परीराज्याचा दरवाजा उघडल्यावर आधी काय येत असेल याबद्दल कोणत्याही गोष्टीत काही सांगितलेलं नाही, त्यामुळे कन्येने ते चालवून घेतलं.

मग खरेदी. पुण्यात असल्या कामाला रविवार पेठेत बोहरी आळीला जायचं असतं. एरवी वाटतं तिथे फक्त लग्नाच्या पिशव्या आणि पॅकिंगचे खोके मिळत असतील. पण खोटी फुलं, लेस, मणी, टिकल्या, जाळी, रिबिनी, सुतळी, चमकी, सगळं इथे, आणि सगळं ठोक. गिऱ्हाइकाला किती हवं हा प्रश्न या आळीत थोडा बावळटच समजला जातो. चमकीचं छोटं पाकीट मागितलं तर दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, "पाव किलो देऊ?" परीचे जाळीचे तयार पंख होते. सुरेख होते. फक्त डझनाच्या खाली मिळत नव्हते. एका परीसाठी पंखांच्या बारा जोड्या घेऊन आम्ही घरी आलो. पैशाचा हिशेब नवऱ्याने विचारला, मी चहाचा विषय काढला.

प्लॅस्टिकच्या शेवाळाचं पाकीटही तिथे होतं. ते मी निक्षून नाकारलं. जुलै महिना, पुण्यातला पाऊस, सोसायटीची कंपाउंडची भिंत. तिथे खरं शेवाळ इंचभर जाडीचं फुकट उगवलेलं असताना पाकिटातलं विकत घ्यायचं म्हणजे शहाण्या माणसाने करायचं काम नव्हे. आम्ही दोघी जुना चमचा घेऊन भिंत खरवडायला लागलो तेव्हा वॉचमनकाका आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, चेअरमनसाहेबांनी सांगितलंय होय? मग पलीकडची भिंत पण घ्या." एक सूचना मात्र देऊन ठेवते. शेवाळ सावलीत नीट सुकवूनच बरणीत घालायचं. ओलं घालून झाकण लावलं तर आठवड्याभरात परीच्या पायाशी पांढरी बुरशी येते आणि ती धुक्यात खपत नाही.

आता मुख्य प्रश्न, परी. इथे सासूबाईंनी वाटाणे बाजूला ठेवले.

"बाटलीत बाई कशाला कोंडायची ती?" त्यांनी विचारलं.

"आजी, ती बाई नाही, फेअरी आहे."

"तेच ते. आमच्या गावाला मांत्रिक बाटलीत भूत भरायचा, बूच मारायचा आणि वेशीबाहेर नेऊन पुरायचा. दिवाणखान्यात दिवा लावून नव्हता ठेवत."

सासूबाईंचं माहेर कोकणातलं. तिथली अदृश्य मंडळी रीतसर पत्त्यावर राहतात. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्याकाठी, देवचार आपल्या हद्दीत. त्यांची वेळ ठरलेली, मागणं ठरलेलं. कोणाला नारळ, कोणाला कोंबडं, कोणाला खण. या हिशेबात परी बसेना. ती कुठे राहते, कधी दिसते, रागावली तर काय करते आणि काय दिलं की जाते, यातल्या एकाही प्रश्नाला नातीकडे उत्तर नव्हतं. "ती फक्त सुंदर असते आणि उडते," एवढंच. सासूबाईंना ते पटलं नाही. ज्याला काही द्यावं लागत नाही ते खरं कसं असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

तसं बघितलं तर परीचे ते फुलपाखरी पंखही जन्मजात नव्हेत. इंग्लंडातल्या जुन्या दंतकथांतली ही मंडळी बिनपंखाची, बऱ्यापैकी खोडकर आणि दूध नासवणारी. पंख लावले ते पुढे चित्रकारांनी, साधारण अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात ते पक्के बसले. म्हणजे परीच्या अंगावरचा सगळ्यात खात्रीचा अवयवसुद्धा कलाकुसरीचाच. हे एकदा लक्षात घेतलं की बोहरी आळीतल्या पंखांबद्दल कमीपणा वाटायचं कारण राहत नाही.

आणि कमीपणा तर मुळीच वाटून घेऊ नये, कारण जगातल्या सर्वांत नावाजलेल्या पऱ्या कात्री आणि पुठ्ठ्याच्याच होत्या.

१९१७ सालची गोष्ट. इंग्लंडात यॉर्कशरमध्ये, ब्रॅडफर्डजवळ कॉटिंग्ली नावाचं गाव. तिथे १६ वर्षांची एल्सी राइट आणि तिची नात्यातली बहीण, ९ वर्षांची फ्रान्सिस ग्रिफिथ्स, एका घरात राहत होत्या. फ्रान्सिस नुकतीच दक्षिण आफ्रिकेतून आलेली. घरामागे ओढा. पोरी रोज ओढ्यावर जायच्या, बूट-मोजे भिजवून यायच्या आणि बोलणी खायच्या. कशाला जाता म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "पऱ्या बघायला." मोठी माणसं हसली. पोरींनी एल्सीच्या वडिलांचा कॅमेरा मागून घेतला, ओढ्यावर गेल्या, परत आल्या. वडिलांनी अंधारखोलीत काच धुतली आणि फोटो निघाला. फ्रान्सिस शांतपणे कॅमेऱ्याकडे बघते आहे आणि तिच्या हनुवटीपुढे चार पऱ्या नाचताहेत.

एल्सी ब्रॅडफर्डच्या कलाशाळेत शिकलेली, हे वडिलांना माहीत होतं. त्यांनी फोटोवर विश्वास ठेवला नाही. पोरींनी पुन्हा एक फोटो काढला, त्यात एल्सीच्या पुढ्यात एक बुटका यक्ष. वडिलांनी कॅमेरा देणंच बंद केलं. खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायची. कुठल्याही मराठी घरात इथेच संपली असती, वर दोघींना एकेक धपाटा मिळाला असता.

पण एल्सीच्या आईला गूढ विषयांची आवड. १९१९ मध्ये ती ब्रॅडफर्डला थिऑसॉफिकल सोसायटीच्या सभेला गेली आणि तिथे फोटोंचा विषय निघाला. (हीच ती सोसायटी, जिचं बिऱ्हाड १८७९ पासून अड्यारला जाईपर्यंत आपल्या मुंबईत होतं.) तिथून ते फोटो एडवर्ड गार्डनर नावाच्या थिऑसॉफिस्टाकडे, त्याच्याकडून छायाचित्रणाच्या तज्ज्ञाकडे आणि शेवटी सर आर्थर कॉनन डॉयल यांच्याकडे पोचले. होय, तेच. ज्यांच्या शेरलॉक होम्सला सिगारची राख बघून माणूस ओळखता यायचा. १९२० च्या नाताळ अंकात 'स्ट्रँड' मासिकात डॉयलसाहेबांनी त्या फोटोंवर लेख लिहिला, तो अंक हातोहात संपला, आणि १९२२ मध्ये त्यांनी या विषयावर चक्क पुस्तक काढलं. कोडॅक कंपनीला विचारलं तेव्हा त्यांनी खोटेपणाची उघड खूण दिसत नाही असं सांगितलं, पण खरेपणाचा दाखला द्यायला नकार दिला. त्या सगळ्या प्रकरणात धंदेवाईक माणसंच तेवढी शुद्धीवर होती.

खुलासा व्हायला १९८३ उजाडलं. दोन्ही मुली तोवर आज्या झालेल्या. एल्सीने 'प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक' या मुलांच्या पुस्तकातल्या नाचणाऱ्या मुली बघून पऱ्या काढल्या, त्यांना पंख जोडले, जाड कागदावरून कापल्या आणि टोपीच्या पिनांनी गवतात उभ्या केल्या. काम झाल्यावर तुकडे ओढ्यात. बस, एवढंच. गंमत पुढेच आहे. त्याच 'गिफ्ट बुक'मध्ये एक गोष्ट कॉनन डॉयल यांचीही होती. ज्या पुस्तकातून पऱ्या चोरल्या त्या पुस्तकाचे ते एक लेखक! शेरलॉक होम्सने पहिल्या पानावर केस मिटवली असती. असंही सांगतात की त्या बुटक्या यक्षाच्या पोटावर पिनेचं टोक दिसत होतं आणि डॉयलसाहेबांनी त्याला बेंबी समजून परीलोकातल्या बाळंतपणाबद्दल अनुमान काढलं.

मुलींनी इतकी वर्षं तोंड का उघडलं नाही, याचं त्यांनी दिलेलं कारण मला फार आवडतं. एवढ्या मोठ्या माणसाला तोंडघशी पाडायचं कसं, याचाच त्यांना संकोच वाटत राहिला. पुढे मुलींनी आणखी तीन फोटो काढले होते; फ्रान्सिस मात्र अखेरपर्यंत म्हणत राहिली की त्या पाचांपैकी शेवटचा खरा होता.

हे सगळं मी घरात सांगितलं. कन्येला आनंद झाला तो एवढ्याचाच की सोळा वर्षांची मुलगी कात्रीने हे करू शकते. सासूबाई म्हणाल्या, "आणि मला म्हणतात कोकणातली माणसं अंधश्रद्धाळू."

कॉटिंग्लीच्या पोरींकडून शिकण्याजोगी गोष्ट एकच. परी विकत घ्यायची नाही, कापायची. बाजारात रंगीत छापील पऱ्या मिळतात, मोठ्ठे डोळे, गुलाबी गाल. त्या बरणीत घातल्या की बरणीत परी दिसत नाही, स्टिकर दिसतं. काळा कार्डशीट घ्यावा, बाजूने दिसणारी आकृती काढावी आणि नुसती बाह्यरेषा कापावी. नाक-डोळे काढूच नयेत, बिघडतं ते तिथेच. मागून उजेड आला की बाकीचं बघणाऱ्याचे डोळे भरून काढतात. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ करतात, त्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पडद्यामागे उजेड आणि मधे कापलेली आकृती, एवढ्या भांडवलावर अख्खं रामायण होतं. आपल्याला एक परी करायची आहे. बरणीच्या आत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी बसवायची आणि परी तिला आतल्या, म्हणजे दिव्याच्या बाजूने चिकटवायची. बोटं आत जात नाहीत, त्यामुळे हे सगळं बाहेर टेबलावर करून गुंडाळी मग आत सोडायची. व्हिडिओतली बाई हे सांगत नाही. तिचे हात बारीक आहेत.

चिकटवायला फेव्हिकॉल. ग्लू गन होती आमच्याकडे, पण ती काचेवर धरत नाही. गरम असताना धरल्याचा बहाणा करते आणि गार झाली की एका रात्री सगळं सोडून देते.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण परी म्हणजे निम्मा उजेडच. १९०४ साली लंडनला 'पीटर पॅन' नाटक पहिल्यांदा झालं तेव्हा टिंकर बेल ही परी रंगमंचावर कोणी नटी नव्हतीच. आरशाने फिरवलेला उजेडाचा ठिपका आणि घंटीचा आवाज. त्याच्याही आधी, १८८२ साली, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात गिल्बर्ट-सलिव्हन यांचं 'आयोलँथी' लागलं. त्यातल्या प्रमुख पऱ्यांच्या केसांत जोसेफ स्वॉन यांच्या कारखान्यातले विजेचे चिमुकले दिवे लावले होते आणि प्रत्येकीच्या अंगावर बॅटरी लपवलेली होती. त्या काळची बॅटरी अंगावर घेऊन हलकंफुलकं नाचायचं, म्हणजे त्या नट्यांचं कौतुकच. 'फेअरी लाइट्स' लोकप्रिय झाल्या त्या तिथून, असं मानतात. त्याच वर्षी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आलं, अर्थात विजेशिवाय. आपल्याकडे उजेडाची कसर गळ्याने भरून काढली.

आता मात्र मुद्द्याचं आणि गंभीर. या बारीक माळांना बऱ्याचदा सीआर २०३२ जातीचा बटण सेल असतो, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. लहान मुलाच्या हाती लागून गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांत खोल भाजल्याची जखम करू शकतो. घरात लहान मूल असेल तर बॅटरीच्या डबीला स्क्रू असलेलीच माळ घ्यायची, नाहीतर साध्या पेन्सिल सेलवाली. तो स्क्रू इतका बारीक असतो की तो फिरवायचा पेचकस घरात कधीच सापडत नाही, पण हीच त्याची सुरक्षितता आहे.

दुसरी एक पाककृती मोबाइलवर फिरते आहे. ग्लो स्टिक कापायची आणि आतला रस बरणीत झटकायचा. हे अजिबात करू नका. त्या नळीत आत पातळ काचेची कुपी असते, ती फुटते तेव्हाच उजेड पडतो. नळी कापली की रसायनाबरोबर काचेचा चुराही बाहेर येतो. एवढं करून तो उजेड सकाळपर्यंत मावळलेला असतो.

सासूबाईंना वीज नकोच होती. त्यांच्या लहानपणी पावसाच्या तोंडावर काजवे बाटलीत धरून रात्री उशाशी ठेवायचे म्हणे. आठवण सुंदर, पण सकाळी बाटलीत काय उरायचं ते विचारल्यावर त्या गप्प झाल्या. काजव्याचं ते लुकलुकणं जोडीदाराला बोलावणं असतं, आणि ते करायला त्याच्याकडे थोडेच दिवस असतात. बघायचेच असतील तर मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, पुरुषवाडी किंवा राजमाचीकडे जावं, टॉर्च बंद करावा आणि हात खिशात ठेवावेत.

उरली चमकी. पाव किलो चमकी म्हणजे किती, हे ज्यांनी पिशवी फोडली आहे त्यांनाच कळेल. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर देऊन तिचे सूक्ष्म तुकडे केले की चमकी होते. नाश पावणं तिच्या स्वभावात नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी आणली ती सूक्ष्म प्लॅस्टिक पसरतं म्हणून. न्यायवैद्यक प्रयोगशाळांना मात्र ती आवडते. गुन्हेगाराच्या कपड्याला चिकटून येते, लवकर सुटत नाही आणि एका जातीची दुसरीपासून ओळखू येते. आमच्या घरात कोण कुठे बसलं, कोणी कोणाची उशी घेतली, फ्रीज रात्री कोणी उघडला, हे सगळं त्या आठवड्यात पुराव्यानिशी सिद्ध झालं. नवरा ऑफिसात गंभीर बैठकीला गालावर तीन चंदेरी ठिपके घेऊन बसला, आणि दिवसभर कोणी काही बोललं नाही यानेच तो जास्त अस्वस्थ झाला. आमटीत एकदा काहीतरी चमकलं. देवघरातल्या बाळकृष्णावरही चमकी उडाली होती. तेवढी सासूबाईंनी पुसू दिली नाही. "त्याला शोभतंय," म्हणाल्या.

रविवारी जुळणी सुरू झाली आणि आतापर्यंत वर्तमानपत्रामागे असलेला नवरा पुढे सरकला. वाळू, खडे आणि हिरवळ एका जागी दिसली की मराठी पुरुषाच्या आत दिवाळीचा किल्ला जागा होतो. त्याला वयाची अट नाही. "शेवाळ कशाला? अळीव पेर, चार दिवसांत दाट होतं." मग, "मागे जरा चढ हवा. बुरूज असता तर बरं दिसलं असतं." मग, "पाण्याचं टाकं कुठे आहे?" कन्येने त्याला शांतपणे समजावलं की परीला पाणी भरावं लागत नाही. तो माळ्यावर चढला आणि दिवाळीच्या खोक्यातून भाला घेतलेला मातीचा मावळा घेऊन खाली आला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"एकटी मुलगी रानात. राखणीला कोणी नको?"

यावर घरात मतदान झालं आणि सासूबाईंच्या निर्णायक मताने मावळा आत गेला. त्यांचं म्हणणं, तो असेल तर निदान आपल्यातलं कोणीतरी तिच्यावर लक्ष ठेवील. मावळा परीच्या दुप्पट उंच होता. धुकट कागदामागे दिवा लागला तेव्हा एक नाजूक पंखवाली सावली आणि तिच्यामागे भाला उगारलेली एक आडदांड सावली असा देखावा उभा राहिला. येणारे पाहुणे कौतुकाने वाकून बघतात आणि मग जरा दबकून विचारतात, "हा मागचा राक्षस का?" नवरा प्रत्येकाला नव्याने समजावून सांगतो.

शाळेच्या कार्यानुभवाच्या प्रदर्शनात बरणी गेली होती. शेरा आला, "कल्पना चांगली. परी कोणत्या किल्ल्यावरची ते लिहावे."

माझं विचाराल तर वस्तू झकास झाली आहे. दिवसा तिच्यात काहीच नाही, काळ्या कागदाचा तुकडा, मातीचा मावळा आणि वाळलेलं शेवाळ. रात्री खोलीतला दिवा मालवून हात-दोन हात लांबून बघावी. फार जवळ जाऊ नये. जवळ गेलं की फेव्हिकॉल दिसतो आणि झाकणाचा वास येतो. सहाशे-सातशे रुपयांचं तयार किट घेण्याची गरज नाही, त्यात बरणी प्लॅस्टिकची असते आणि परी छापील.

पंखांच्या अकरा जोड्या आमच्याकडे शिल्लक आहेत. कोणाला हव्या असल्यास फुकट न्याव्यात. सोबत थोडी चमकी येईल, तिला इलाज नाही.